अशुद्ध ठरविलेल्या शब्दांची साक्ष

नागपूरच्या दीक्षाभूमीवरील भव्य वास्तूस आपण स्तूप म्हणतो. पालीत त्यालाच थूप म्हणतात. चिनी भाषेत या शब्दाचे ‘ता’ झाले आणि जपानीत ‘तो’. पुढे चिनी भाषेत कोणत्याही उंच मनोऱ्यास ‘ता’ म्हणू लागले. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याचे चिनी नावही ‘त्ये-ता’, म्हणजे लोखंडी ‘ता’ या पदानेच संपते. भारतीय भूमीतील एका शब्दाचा हा प्रवास मनोरंजक तर आहेच. परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की मूळचे रूप कोणते घेऊन हा शब्द निघाला: स्तूप की थूप?

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर धम्म, भिक्खू, निब्बान हे शब्द मराठी माणसाच्या नित्य व्यवहारात आले. ही रूपे अशुद्ध असून धर्म, भिक्षू, निर्वाण हीच शुद्ध होत, असा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे. त्याचा विचार भावनेच्या आधारे न करता भाषेच्या इतिहासाच्या आधारे करावयाचा, तर पूर्व आशियातील साक्षीदार बोलवावे लागतात.

चिनी लिपीत अक्षरमाला नाही. प्रत्येक चिन्ह एका अवयवाचा उच्चार आणि बहुधा एक अर्थ दाखविते. परकीय नाव लिहावयाचे तर त्याच्या प्रत्येक अवयवासाठी, अर्थ बाजूला ठेवून, एकेक चिन्ह योजावे लागते. इ. स. ६४० च्या सुमारास आपल्या प्रदेशातून गेलेल्या ह्युएन त्संगाने महाराष्ट्राचे नाव असेच चार चिन्हांत लिहिले. आजच्या चिनी उच्चाराप्रमाणे ते ‘मो-ह-ला-छा’ असे वाचले जाईल. यातील पहिली दोन चिन्हे म्हणजे आपला ‘महा’. जपानी लोक तीच चिन्हे ‘माका’ अशी वाचतात आणि अत्यंत विलक्षण गोष्टीस आजही ‘माका फुशिगी’ म्हणतात.

ह्युएन त्संग संस्कृताचा गाढा अभ्यासक होता. ६४६ साली पूर्ण झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तात स्तूपासाठी ‘सु-तु-पो’ अशी तीन चिन्हे येतात. त्याच्याबरोबर एक टीपही आहे: पूर्वी रूढ असलेली ‘ता-पो’ इत्यादी रूपे सर्व चुकीची होत. म्हणजे ‘अशुद्ध’ हा शिक्का तेराशे वर्षांहून अधिक जुना आहे, आणि तो मारणारा पुरुष सामान्य नव्हता.

परंतु ही जुनी रूपे खरोखर चुकीची होती काय? तसे असते तर त्यांत काही नियम दिसला नसता. नियम तर स्पष्ट दिसतो. ध्यान या शब्दासाठी ह्युएन त्संगाच्या परंपरेत ‘थो-येन-ना’ असे लेखन आहे; पण त्यापूर्वीचा आणि आजही टिकलेला चिनी शब्द ‘चान’ होय. त्याचाच जपानी उच्चार ‘झेन’. हा ‘चान’ ध्यानापासून नव्हे, झानापासून निघतो. श्रमणासाठी जुना शब्द ‘शा-मन’. त्यात ‘र’ नाही, जसा तो पालीतील समणातही नाही. चिनी लेखकास ‘र’ दाखविता येत नव्हता असेही नाही. पुढील काळात संस्कृत रूप लिहिताना त्यासाठी एक वेगळे चिन्ह खर्च केलेले आढळते. ज्याला चूक म्हटले गेले, ते वस्तुतः प्राकृताचे काटेकोर लेखन होते.

एक मर्यादा येथे सांगितली पाहिजे. हे शब्द थेट पालीतून चीनला गेले असे म्हणणे धाडसाचे होईल. इ. स. १४८ मध्ये आन शिकाओ लोयांग येथे पोहोचला. त्या सुमारास वायव्येकडून जाणारी बौद्ध ग्रंथांची भाषा बहुतांशी गांधारी अथवा तत्सम प्राकृत होती. पाली आणि गांधारी या बहिणी होत, आई-मुली नव्हेत. तरीही मुख्य निष्कर्ष बदलत नाही. धम्म भारताबाहेर पडला तो प्रथम लोकभाषेच्या मुखातून.

त्याला आपल्या विदर्भाचाही दुजोरा आहे. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० साली झालेल्या उत्खननात जो प्राचीन स्तूप उघड झाला, त्यावर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरलेली आहेत.

जपानने दोन्ही परंपरा जपल्या. तेथे समाधीपाशी उभ्या केलेल्या लाकडी फळ्यांस ‘सोतोबा’ म्हणतात. त्यात स्तूपाचा ‘स’ शाबूत आहे. त्या फळ्यांवर सिद्धम् नावाच्या भारतीय लिपीतील अक्षरे लिहितात. भारतात व्यवहारातून गेलेली ही लिपी तेथे आजही लिहिली जाते. जपानी वर्णमालाही सिद्धम् शिकणाऱ्या भिक्खूंच्या अभ्यासातून आपल्या क्रमाने लागली: अ, इ, उ, ए, ओ; मग क, स, त, न, ह, म, य, र, व. यात प-वर्गाच्या जागी ‘ह’ कसा, असे वाचकास वाटेल. कारण असे, की आजचा जपानी ‘ह’ प्राचीन काळी ‘प’ होता. जी विसंगती दिसते, तीच येथेही इतिहासाची साक्ष ठरते.

संध्येची सांज, स्तराचा थर आणि हस्ताचा हात करणाऱ्या मराठी माणसाने झान आणि थूप यांस अशुद्ध म्हणावे, हे नवल होय. सांज ज्या नियमाने झाली, त्याच नियमाने झान झाले. याचा अर्थ संस्कृत रूपे त्याज्य आहेत असा नव्हे; बौद्ध संस्कृत वाङ्मयाचा वारसाही आपलाच आहे. विहारांतून मुलांना शब्द शिकविताना दोन्ही रूपे शेजारी ठेवावीत आणि त्यांतील ध्वनींचा संबंध समजावून द्यावा. मग ‘धम्म’ म्हणताना कोणी हटकले, तर त्या मुलाने संकोचून जीभ आवरण्याचे कारण उरणार नाही. ह्युएन त्संगाने चूक ठरवूनही चीनने आपला ‘ता’ टाकला नाही.