अंतर तेच, तास वेगळे

हेलसिंकी ते टोकियो हे सरळ हवाई अंतर सुमारे 7,800 किलोमीटर. ते 1983 साली तेवढेच होते, आजही तेवढेच आहे. विनाथांबा विमानाला लागणारा वेळ मात्र 13 तासांवरून साडेनऊ तासांपर्यंत उतरला आणि 2022 साली पुन्हा 13 वर गेला. प्रवासाचा वेळ अंतर आणि इंजिन ठरवतात, असे आपण गृहीत धरतो. या मार्गाचा इतिहास सांगतो की शेवटचा शब्द खालच्या भूमीवर ज्याची सत्ता, त्याचा असतो.

ही सरळ वाट जवळपास सगळी रशियावरून जाते, आणि शीतयुद्धाच्या सुरुवातीच्या दशकांत सोव्हिएत संघाने सायबेरियाचे आकाश परक्या विमानांना बंद ठेवले होते. युरोपातून जपान गाठायचे तर दक्षिण आशियातून थांबत थांबत जावे लागे. 1957 साली स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगनहून ध्रुवप्रदेशावरून, अलास्कातल्या अँकरेजला इंधन भरत टोकियोची सेवा सुरू केली. ध्रुवाजवळ चुंबकीय होकायंत्रावर विसंबता येत नाही. म्हणून नकाशावर चौकटींचे वेगळे जाळे आखून, जायरोस्कोपच्या आधाराने दिशा धरावी लागे. बर्फावर उतरण्याची वेळ आलीच तर तग धरण्याचे सामानही विमानात असे. एप्रिल 1983 मध्ये फिनलंडच्या फिनएअर कंपनीच्या डीसी-10 विमानांनी हेलसिंकीहून ध्रुवावरून जाताना अँकरेजचा थांबाही वगळला. पुढे सायबेरियावरून थेट जाण्याची परवानगी मिळाली, तेव्हा कुठे साडेतीन तास वाचले.

यावर कोणी म्हणेल, खरे श्रेय तंत्रज्ञानाचेच. थांबे गळाले ते लांब पल्ल्याच्या विमानांमुळे, हे मान्यच आहे. पण युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाने युरोपीय कंपन्यांना आकाश बंद केले आणि मार्च 2022 मध्ये फिनएअर पुन्हा ध्रुवावरून टोकियोला जाऊ लागली. या वेळी विमान होते एअरबस ए-350, डीसी-10 पेक्षा कितीतरी आधुनिक आणि इंधनाला काटकसरी. तरीही तास 13 च. तंत्रज्ञानाने बंदीला वळसा घालता आला, बंदी उठवता आली नाही. वाऱ्याचा मुद्दाही पुरेसा नाही: पश्चिमेचा वारा पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाचा वेळ वाचवतो खरा, पण तो 2019 साली वाहत होता तसाच 2022 सालीही वाहत होता.

आपल्या आकाशावर प्रत्येक राष्ट्राचे पूर्ण सार्वभौमत्व आहे, हे 1944 च्या शिकागो कराराचे पहिलेच कलम. त्यामुळे वेळापत्रकात सरळ वाटेमुळे वाचलेला प्रत्येक तास कोणत्या तरी वाटाघाटीची कमाई असतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या त्यांच्या विमानांना वळसा घ्यावा लागला. शेजाऱ्यांतल्या वैराची किंमत सीमेवर मोजली जातेच. ती जाळलेल्या इंधनात आणि प्रवाशांच्या वाढलेल्या तासांतही मोजायला हवी.