चुन्याच्या आधीची गावं

स्पेनच्या दक्षिणेला, ग्रनादा शहराच्या पाठीशी सिएरा नेवादाची बर्फाळ रांग उभी आहे. तिच्या समुद्राकडच्या उतारावरचा मुलूख म्हणजे अल्पुहारा. पोकेइरा नदीच्या घळीत पाम्पानेइरा, बुबियोन आणि कापिलेइरा ही तीन गावं एकाच्या वर एक अशी डोंगराला बिलगून बसली आहेत. पर्यटकांना दाखवली जातात ती त्यांची चुन्याने लखलखणारी घरं, आणि ‘अरबांचा वारसा’ म्हणून बोट जातं ते त्या पांढऱ्या भिंतींकडेच.

गंमत अशी की या उतारावर चुना सर्रास झाला तो बराच अलीकडे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही इथली कितीतरी घरं उघड्या दगडमातीची, राखी रंगाची होती. लांबून गाव आणि डोंगर वेगळे ओळखू येत नसत. अरबी काळापासून खरोखर टिकलं आहे ते भिंतीच्या रंगात नाही. ते डोक्यावरच्या छपरात आहे आणि गावाच्या वर, डोंगरात वाहणाऱ्या पाण्यात आहे.

इथली छपरं सपाट असतात. चेस्टनटच्या लाकडाची तुळई, तिच्यावर पातळ फरशीसारखे दगड आणि सगळ्यात वर ‘लाउना’ नावाच्या निळसर राखी मातीचा जाड थर. ही माती पाऊस पडला की फुगते आणि पाणी खाली झिरपू देत नाही. लाउना कृष्णपक्षातच पसरावी, नाहीतर छप्पर गळतं, अशी जुन्या लोकांची समजूत. याच छपरावर अंजीर, मिरच्या, मका वाळत पडतो. गल्लीच्या वरून खोली बांधून दोन घरं जोडतात, त्या सावलीच्या बोळाला ‘तिनाओ’ म्हणतात. आंदालुसियात इतरत्र बहुतेक ठिकाणी उतरती कौलं दिसतात. या सपाट छपरांच्या घरांची भावंडं शोधायची तर समुद्र ओलांडून मोरोक्कोच्या ॲटलास पर्वतातल्या बर्बर गावांत जावं लागतं.

हा अरबी काळ संपला तो 2 जानेवारी 1492 रोजी. त्या दिवशी ग्रनादाच्या मुस्लिम राज्याचा शेवटचा सुलतान बोआब्दिल याने शहराच्या किल्ल्या इसाबेल आणि फर्नांदो या कॅथलिक राजदांपत्याच्या हाती दिल्या. त्याआधीच्या नोव्हेंबरात झालेल्या तहात मुसलमान प्रजेला धर्म, कायदा, पोशाख, मालमत्ता राखण्याचं वचन होतं. बोआब्दिलला अल्पुहाराची जहागीर मिळाली. लाऊहार गावी थोडा काळ काढून 1493 मध्ये तो मोरोक्कोला निघून गेला. स्पेनच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत उंच शिखर, सुमारे 3,480 मीटरचं मुलहासेन, त्याच्या वडिलांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांना तिथेच पुरलं आहे अशी दंतकथा आहे.

तहाचं वचन जेमतेम आठ वर्षं टिकलं. 1499 मध्ये आर्चबिशप सिस्नेरोसने ग्रनादात सक्तीच्या बाप्तिस्म्यांचा धडाका लावला. अल्पुहारा पेटून उठला. बंड मोडायला खुद्द फर्नांदो राजा फौज घेऊन आला, आणि लाऊहारची मशीद आत आसरा घेतलेल्या माणसांसकट सुरुंगाने उडवण्यात आली. यानंतर कागदोपत्री सगळे ख्रिस्ती झाले. या नव्या ख्रिस्त्यांना ‘मोरिस्को’ म्हणत. रविवारी ते चर्चमध्ये हजेरी लावत, घरी अरबी बोलत, आणि रेशमाचे किडे पाळत.

रेशीम हा या डोंगराचा जीव होता. पाटाच्या काठाकाठाने तुतीची झाडं लावलेली असत. जमीन एकाची आणि तिच्यावरचं तुतीचं झाड दुसऱ्याचं, असाही प्रकार सर्रास होता. सूत ग्रनादाच्या रेशीमबाजारात जाई आणि त्यावरच्या करातून राजाची तिजोरी भरे.

1567 च्या आरंभी राजा फिलिप दुसरा याचं फर्मान जाहीर झालं: अरबी बोलणं-लिहिणं बंद, बायकांचा बुरखा बंद, हमामखाने बंद, पारंपरिक नाचगाणं बंद. फ्रान्सिस्को नुन्येस मुलेय नावाच्या वृद्ध मोरिस्को सरदाराने त्यावर सविस्तर अर्ज लिहिला. पोशाख हा मुलखाचा असतो, धर्माचा नव्हे. पूर्वेकडचे ख्रिस्तीही अरबी बोलतातच. हमामात माणसं अंग धुतात, नमाज पढत नाहीत, असा त्याचा सडेतोड युक्तिवाद होता. दरबाराने तो कानाआड केला.

1568 च्या नाताळात दुसरं बंड उसळलं. ग्रनादाच्या नगरसभेचा एक सभासद, फर्नांदो दे वालोर, याने ‘अबेन उमेया’ हे नाव घेऊन स्वतःला राजा म्हणवलं. बंडखोरांनी गावोगावच्या पाद्र्यांना हालहाल करून मारलं. सरकारी फौजांनी गावं लुटली, बायकामुलं गुलाम म्हणून विकली. पुढच्याच वर्षी अबेन उमेयाला त्याच्याच माणसांनी ठार केलं. त्याच्या जागी आलेला अबेन आबोही 1571 मध्ये स्वकीयांच्याच हातून मेला. त्याचं डोकं ग्रनादाच्या वेशीवर पिंजऱ्यात टांगण्यात आलं. राजाचा सावत्र भाऊ दोन हुआन याने मोहीम पूर्ण केली आणि 1571 मध्येच तो लेपांतोच्या आरमारी लढाईत तुर्कांवर जय मिळवायला गेला.

बंड पुरतं शमण्याआधीच, 1570 च्या हिवाळ्यापासून, ग्रनादा राज्यातले सुमारे 80 हजार मोरिस्को कास्तीलकडे हाकलले गेले. थंडीत, पायी, पहाऱ्याखाली. वाटेत अनेक जण थंडीने आणि रोगराईने मेले. जे जगले, त्यांच्या पुढच्या पिढ्यांना 1609 ते 1614 च्या दरम्यान स्पेनमधूनच काढून टाकण्यात आलं.

आता घरं होती, पाट होते, तुती होत्या, माणसं नव्हती. राजाने जमीन जप्त केली आणि गालिसिया, लेओन, कास्तील आणि आंदालुसियाच्याच इतर भागांतून वसाहतवाले बोलावले. प्रत्येक कुटुंबाला घर, बागायत, द्राक्षवेल, तुती यांचा एकेक वाटा मिळाला. त्यासाठी मोजणी झाली, ‘आपेओ’च्या वह्या भरल्या. पण कुठलं शेत कुणाचं, कुठला पाट कुठे फुटतो, कुणाची पाण्याची पाळी कधी, हे सांगणार कोण? म्हणून काही जाणकार मोरिस्को मुद्दाम मागे ठेवले गेले. ज्यांची जमीन काढून घेतली, त्यांच्याच तोंडून ती लिहून घेण्यात आली. या वह्यांच्या आधारे इतिहासकार आज सोळाव्या शतकातलं एखादं गाव शेतागणिक उभं करू शकतात.

आलेली माणसं गेलेल्यांपेक्षा फार थोडी होती. कित्येक वाड्या ओसच राहिल्या, रेशीम हळूहळू बसलं. पाणी मात्र सोडून चालणार नव्हतं. उन्हाळ्यात इथे महिनोन्‌महिने पाऊस नसतो, आणि सगळी भिस्त वितळणाऱ्या बर्फावर. त्यासाठी डोंगराच्या कडेकडेने खोदलेल्या पाटांना ‘आसेकिया’ म्हणतात. त्यातले काही थेट शेतात जातात. काही मात्र वसंतातलं जादा पाणी उंचावरच्या भेगाळ, मुरमाड जागी नेऊन नुसतं सोडून देतात. नवख्याला हा उधळेपणा वाटावा. ते पाणी जमिनीच्या पोटात शिरतं, सावकाश खाली सरकतं आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, गावाजवळच्या झऱ्यांतून बाहेर येतं. या पद्धतीला ‘कारेओ’ म्हणतात. पाणी कुठे सोडलं की कुठला झरा वाढतो, हे पाटाची राखण करणाऱ्या ‘आसेकिएरो’ला पिढीजात ठाऊक असतं. बाहेरून आलेले शेतकरी पाण्याच्या पाळ्या बदलायच्या भानगडीत पडले नाहीत.

नव्यांनी स्वतःचंही काही आणलं. हिवाळ्यात डुकरं मारून मांस खारवायची रीत रुजली. सुमारे 1,480 मीटर उंचीवरच्या त्रेवेलेस गावच्या कोरड्या थंड हवेत वाळवलेल्या हॅमला राणी इसाबेल दुसरी हिने 1862 मध्ये राजमुद्रा वापरण्याचा मान दिला. मागावर जुन्या कापडाच्या चिंध्या विणून ‘हारापा’ नावाच्या रंगीत सतरंज्या होऊ लागल्या. कोंत्राविएसा डोंगरात व्हायोलिन आणि गिटारच्या साथीने दोन गायक एकमेकांना ऐनवेळी रचलेल्या पद्यात उत्तरं देतात, आपल्या सवाल-जवाबासारखी. त्याला ‘त्रोवो’ म्हणतात.

वालोर हे अबेन उमेयाच्या घराण्याचं गाव. तिथे दर सप्टेंबरात ग्रामदैवताच्या जत्रेत ‘मूर’ म्हणजे मुसलमान आणि ख्रिस्ती यांची लढाई वठवली जाते. गावकरीच दोन्ही बाजूंचे राजे होतात, पद्यात निरोप धाडतात, बंदुकीचे बार काढतात. आधी मूर किल्ला जिंकतात, मग ख्रिस्ती तो परत घेतात. मुराचा फेटा बांधून उभा राहणारा बहुधा त्या बाहेरून आलेल्या वसाहतवाल्यांचाच वंशज असतो.

1920 मध्ये जेरल्ड ब्रेनन हा इंग्रज तरुण सुमारे दोन हजार पुस्तकं घेऊन येगेन गावी राहायला आला. लेखिका व्हर्जिनिया वुल्फही 1923 मध्ये त्याच्याकडे येऊन गेली. त्याचं या गावावरचं पुस्तक 1957 मध्ये निघालं, तेव्हा तरुण गावकरी बार्सिलोनाची आणि जर्मनीची वाट धरू लागले होते. पाट साफ करायला हात उरले नाहीत. दरडी कोसळून कित्येक आसेकिया बुजल्या. पोकेइराच्या तिन्ही गावांना 1982 मध्ये ऐतिहासिक वास्तुसमूहाचा दर्जा मिळाला आणि पर्यटन वाढलं. घरं राखली गेली, पाण्याकडे लक्ष जायला आणखी काही दशकं लागली. गेल्या दहा-बारा वर्षांत ग्रनादा विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ, विद्यार्थी आणि शेतकरी फावडी-कुदळी घेऊन कान्यारसारख्या गावांच्या वरच्या अंगाला बुजलेले पाट उकरत आहेत, आणि कोरड्या पडलेल्या वाफ्यांना पुन्हा पाण्याची पाळी मिळू लागली आहे.