लीळाचरित्राची हरवलेली पोथी

चांद्याच्या रानपट्टींत राजगोंडांच्या कुळकथा परधान भाट पिढ्यान्‌पिढ्या किंगरीच्या सुरावर गात आले. अशा परंपरेस एकाच कंठावर विसंबावें लागत नाहीं. एक गायक गेला तरी दुसरा असतो. परंतु दोघांच्या गाण्यांत अंतर पडलें, तर खरें कोणाचें मानावयाचें? ठेव अनेकांच्या हातीं सोंपविली कीं नाशाचें भय उणावतें, पण हा नवा प्रश्न उभा राहतो. मराठी वाङ्मयांत त्याचें सर्वांत बोलकें उदाहरण चांद्याहून दूर, वऱ्हाडांतील ऋद्धिपुरास रचल्या गेलेल्या लीळाचरित्राचें होय.

चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर, इ. स. १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटानें स्वामींच्या आठवणी जमविल्या. ज्यानें जें पाहिलें-ऐकिलें तें त्याच्याच तोंडून घ्यावयाचें, हा त्याचा बाणा. त्यासाठीं तो गांवोगांव हिंडला. मिळालेली लीळा नागदेवाचार्यांकडून पडताळून घेई. ह्या कष्टांचें फळ असलेली मूळ पोथी चौदाव्या शतकाच्या आरंभीं, खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमींत, नाहींशी झाली असें पंथाची परंपरा सांगते.

पोथी गेली, ग्रंथ गेला नाहीं. नागदेवाचार्यांची शिष्या हिराइसा हिला तो मुखोद्गत होता. तिच्या स्मरणावरून एक पाठ सिद्ध झाला. परशरामबास, रामेश्वरबास इत्यादिकांच्या स्मरणांतूनही पाठ उभे राहिले. आणि हे पाठ एकमेकांशीं सर्वत्र जुळेनात! कोठें शब्द निराळा, कोठें प्रसंगाचा तपशील निराळा.

एक पाठ ठेवून बाकीचे बुडवावे, हें सोयीचें झालें असतें. महानुभावांनीं तसें केलें नाहीं. मुख्य कथन लिहून त्यालगत हिराइसेचें म्हणणें असें, रामेश्वराचें असें, अशी नांवानिशीं नोंद करण्याची रीत त्यांनीं पाडली. 'वासना' व 'शोधु' ह्या संज्ञांखालीं आणखी पाठभेद व शोध टिपले. भक्तिग्रंथाच्या बाबतींत इतका सावधपणा विरळाच.

ह्याच्या उलट मार्ग एकनाथांचा. १५८४ सालीं त्यांनीं ज्ञानेश्वरी शुद्ध करून एक प्रत सिद्ध केली व पुढें कोणी तींत आपली ओवी घालूं नये असें बजावलें. हे उपकार थोर खरे; तथापि त्यांनीं काय गाळलें व कोणत्या आधारानें, हें त्या प्रतीवरून समजत नाहीं. म्हणूनच राजवाड्यांनीं १९०९ त एकनाथपूर्व म्हणून निराळी पोथी छापली, तेव्हां मूळ पाठाचा वाद नव्यानें उभा राहिला.

हाच पेंच पुढें यंत्रांनाही पडला. गूगल कंपनीनें आपल्या संगणकभांडाराची जी रचना २००३ त प्रसिद्ध केली, तींत लेखाच्या प्रत्येक तुकड्याच्या सामान्यतः ३ प्रती निरनिराळ्या यंत्रांवर असत. लेखन एखाद्या प्रतींत फसलें कीं लिहिणाऱ्यास तसें कळे, व तो तें पुन्हा करी. एखादें यंत्र बंद असतां इतर प्रती पुढें गेल्या, तर तें परततांच त्याच्या प्रतीवरील आवृत्तीचा जुना अंक पाहून ती बाद होई. अंक देणारें एक प्रमुख यंत्र तेथें जागें असे, म्हणून हें साधे. पोथी हरवली तेव्हां नागदेवाचार्य हयात नव्हते. निर्णयाचा अंक घालणार कोण? अंकाची जागा नांवानें घेतली.

पुढें पंथानें पोथ्या सकळ लिपींत दडविल्या. अक्षरांची अदलाबदल असलेल्या ह्या लिपींत लेखकाचा हात चुकला तर चूक सहजीं डोळ्यांत भरत नाहीं. राजवाड्यांनीं तिची किल्ली उलगडीपर्यंत बाहेरच्या अभ्यासकांस तीं पानें मुकींच होतीं. १९७८ त वि. भि. कोलते यांनीं संपादिलेलें लीळाचरित्र प्रसिद्ध झालें. सुमारें सात शतकांपूर्वीं एका स्त्रीनें केवळ स्मरणानें राखलेल्या पाठाची ओळख तिच्या नांवानेंच टिकली आहे.