फिनलंडमधील यादवी व संसदेची पुनर्घटना (१९१८–१९२७)

फिनलंडमधील यादवी १९१८ च्या जानेवारीअखेर सुरू झाली आणि मेच्या मध्यास संपली. या साडेतीन महिन्यांत व त्यामागून आलेल्या सूडसत्रात, सुमारे ३१ लाख लोकवस्तीच्या त्या देशात ३६ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पराभूत लाल पक्षाचे सुमारे ८० हजार लोक बंदिछावण्यांत डांबले गेले. त्यांतील १२ हजारांवर भुकेने व रोगराईने दगावले.

अशा देशात दहा महिन्यांच्या आत, मार्च १९१९ मध्ये, सार्वत्रिक निवडणूक झाली आणि तीत पराभूतांच्याच सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने २०० पैकी ८० जागा मिळविल्या. याचे श्रेय विजेत्यांच्या औदार्यास द्यावयाचा मोह होतो. परंतु त्यास आधार थोडा. १९१७ च्या संसदेतील ९२ सोशल डेमोक्रॅट सभासद जवळजवळ सर्वच तुरुंगात, परागंदा किंवा मृत असताना, उरलेल्या सभागृहाने ऑक्टोबर १९१८ मध्ये हेसचा राजपुत्र फ्रीड्रिख कार्ल याची चक्क राजपदी निवड केली होती. महायुद्धात जर्मनीचा पाडाव झाल्यामुळेच तो बेत बारगळला. पुढे मान्यतेसाठी पाश्चात्त्य राष्ट्रांचे मन राखणे भाग होते, आणि त्यांना नवी निवडणूक हवी होती.

तथापि केवळ बाह्य दडपणाने संसद उभी राहत नाही. स्त्रियांसह सर्व प्रौढांना मताधिकार १९०६ पासूनच होता. मतदानाची सवय यादवीहून जुनी होती. डिसेंबर १९१८ मध्येच स्थानिक निवडणुका झाल्या व गावोगावच्या कारभारात पराभूतांचे प्रतिनिधी पुन्हा दिसू लागले. ऑक्टोबरच्या कायद्याने कुळांना आपली जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला होता. लाल सैन्यात कुळांचा भरणा बराच होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. जुलै १९१९ मध्ये प्रजासत्ताकाची घटना संमत झाली. अध्यक्षपदासाठी संसदेने विजयी सेनापती मॅनरहाइम यास ५० मते दिली, तर कायदेपंडित स्टोलबेर्ग यास १४३. बंद्यांना माफी मात्र टप्प्याटप्प्याने, काहीशा कुरकुरीनेच मिळत गेली.

उठावापासून अलिप्त राहिलेल्या व सहकारी चळवळीत मुरलेल्या वाइनो टान्नर यांनी पक्ष सावरला आणि डिसेंबर १९२६ मध्ये केवळ सोशल डेमोक्रॅटांचे मंत्रिमंडळ बनविले. १६ मे १९२७ रोजी अध्यक्ष आजारी असल्याने विजयदिनाच्या संचलनाची मानवंदना त्यांनीच स्वीकारली. पक्षातील अनेकांना ते रुचले नाही. कम्युनिस्टांना मात्र ही दारे बंदच राहिली. त्यांना उघडपणे पक्ष चालविण्याची मुभा १९४४ मध्ये मिळाली.