उसनी चाल आणि नाममुद्रा : वामनदादा कर्डकांच्या गीतरचनेचा तौलनिक विचार

जमैकातील डान्सहॉल परंपरेत 'डीजे' म्हणजे तबकड्या वाजवणारा नव्हे; ते काम 'सिलेक्टर' करतो. आधीच ध्वनिमुद्रित झालेल्या संगीतावर जो आपले शब्द लयीत म्हणतो, तो डीजे. यू-रॉय याने 1970 साली पॅरागॉन्स या गायकवृंदाच्या जुन्या गीतांवर अशी उक्ती चढवली आणि तिला स्वतंत्र निर्मितीची मान्यता मिळाली. 1985 नंतर 'स्लेंग टेंग' या एकाच तालबंधावर अनेकांनी आपापली गीते रचली. त्यास कोणी चौर्य म्हटले नाही.

मराठीत या प्रक्रियेच्या सर्वांत जवळ जाणारे कवी म्हणजे वामनदादा कर्डक (1922–2004). सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा मुंबईत मजुरी करताना प्रौढ वयात अक्षरे शिकले. 1943 मध्ये त्यांनी केलेली पहिली रचना हिंदी गीताचे विडंबन होती. पुढे आंबेडकरी चळवळीसाठी गावोगाव गाताना त्यांनी लोकप्रिय चालींचा मुक्तपणे उपयोग केला. आपल्या समीक्षेने ही उसनवारी उणीव मानली. वस्तुतः तीत एक निश्चित काव्यदृष्टी आहे. चाल परिचित असल्याने श्रोत्याचे अवधान थेट शब्दाकडे जाते आणि ध्रुवपद समूहाच्या मुखी तत्काळ बसते. डीजेला तबकडी लागते. वामनदादांची तबकडी श्रोत्यांच्या स्मृतीत होती. अखेरच्या कडव्यात ते 'वामन' ही नाममुद्रा गुंफतात. अनेक डीजेही गीतात स्वतःचे नाव उच्चारतात. चाल सर्वांची, शब्दांचे उत्तरदायित्व मात्र एकाचे, असा या मुद्रेचा अर्थ होय.

ज्या रायपुरातील ब्राह्मणपाऱ्यात हे टिपण लिहिले, त्या छत्तीसगडात हे तत्त्व नवे नाही. पंडवानीच्या कापालिक शाखेत महाभारताची कथा परंपरेची असते, कथन मात्र तीजनबाईंचे स्वतःचे ठरते.

वामनदादांचा प्रभाव 'वाटचाल' वा 'मोहळ' या संग्रहांवरून मोजता येणार नाही. तो प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांच्या कंठातून आणि पुढील पिढ्यांच्या भीमगीतांतून पसरला. म्हणूनच त्यांच्या गीतांच्या चिकित्सक आवृत्तीत प्रत्येक रचनेखाली मूळ चालीची नोंद असावयास हवी. चालीविना छापलेले शब्द ही या काव्याची अर्धीच संहिता आहे. आणि अर्ध्या संहितेवर दिलेला वाङ्मयीन निवाडा न्याय्य ठरू शकत नाही.