पोलादी चौकट आणि तिच्या मर्यादा

यंत्राने भूमी नांगरण्याची जी पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप व अमेरिकेत रूढ झाली, तिने घोड्यांचे आणि माणसांचे कष्ट किती हलके केले याची वर्णने विपुल आहेत; परंतु त्याच यंत्राने आपल्या चालकाला स्वतःच्या भाराखाली चिरडण्याचा एक नवा मृत्यूही शेतात आणला, आणि त्याच्या निवारणासाठी अभियंत्यांना व कायदेकारांना किती दीर्घ काळ झटावे लागले, याची हकीकत मात्र शेतीच्या इतिहासात क्वचितच सांगितली जाते.

1917 साली हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातून फोर्डसन ट्रॅक्टर मोठ्या संख्येने बाहेर पडू लागला. तो हलका व स्वस्त असल्यामुळे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आला. पण नांगराचा फाळ एखाद्या मुळात किंवा खडकात अडकला आणि मागची चाके फिरेनाशी झाली, म्हणजे इंजिनाचा सगळा जोर ट्रॅक्टरच्या धडालाच मागच्या आसाभोवती फिरवू लागे, पुढची चाके जमीन सोडीत, आणि चालकाला क्लच दाबण्याचे भान येण्यापूर्वीच यंत्र त्याच्या अंगावर पालथे होई. हा सारा प्रकार दीड सेकंदाच्या आसपास आटोपतो, आणि सावरण्याची शक्यता तर पहिल्या पाऊण सेकंदातच संपते. म्हणून सावधगिरीचा उपदेश कितीही योग्य असला तरी तो एकटा पुरणारा नव्हता. शिवाय पुढे अनुभवास आले ते असे की, मागे उलटण्यापेक्षा उतारावर, बांधाच्या कडेला किंवा चरात चाक जाऊन कुशीवर उलटण्याचे प्रसंगच अधिक घडतात.

या संकटावरील पहिला मोठा उपाय यंत्राच्या रचनेतूनच आला. आयर्लंडमध्ये जन्मलेले हॅरी फर्ग्युसन यांनी नांगर साखळीने मागे ओढण्याऐवजी तीन बिंदूंनी ट्रॅक्टरशी जखडला, आणि वरच्या दांड्यातून येणारा दाब पुढची चाके जमिनीवर टेकवून ठेवील अशी योजना केली. 1936 च्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरातून आणि 1939 च्या फोर्ड ट्रॅक्टरातून ही जोडणी जगभर पसरली. ही जोडणी अप्रतिम होती, यात शंका नाही. तथापि तिचे संरक्षण त्या तीन बिंदूंपुरतेच होते. आसाच्या वर कोठेतरी दोर बांधून झाडाचा बुंधा ओढू पाहणाऱ्याला, किंवा ओहोळाच्या कडेने जाणाऱ्याला तिचा काहीच आधार नव्हता.

विचाराची दिशा बदलली ती स्वीडनमध्ये. ट्रॅक्टर उलटूच नये, हा हट्ट सोडून, तो उलटणारच असे गृहीत धरून चालकाभोवती पोलादी चौकट उभारून जगण्यापुरती जागा राखावी, ही कल्पना तेथील शेतीयंत्रांच्या सरकारी परीक्षणसंस्थेत हाराल्ड मोबेर्ग या अभियंत्याने 1950 नंतरच्या दशकात प्रयोगांनी सिद्ध केली. दोन टनांचे वजन लोलकाप्रमाणे झोकावून चौकटीवर मागून व बाजूने आदळावे, वरून दाब द्यावा, आणि एवढे होऊनही आसनाभोवतीच्या ठरावीक अवकाशात पोलाद शिरत नाही ना हे पाहावे, अशी ती कसोटी होती. 1959 च्या जुलैपासून मजुरांच्या हाती द्यावयाच्या प्रत्येक नव्या ट्रॅक्टरावर अशी चौकट असलीच पाहिजे, असा कायदा तेथे जारी झाला, आणि पुढे टप्प्याटप्प्याने जुन्या ट्रॅक्टरांनाही तो लागू करण्यात आला. दर लाख ट्रॅक्टरांमागे वर्षाला दहाहून अधिक माणसे जेथे उलटून मरत होती, तेथे 1990 च्या सुमारास हे प्रमाण एकाच्याही खाली उतरले. एखाद्या साध्या लोखंडी वस्तूने इतके प्राण वाचविल्याची उदाहरणे शेतीच्या इतिहासात फार थोडी असतील.

ब्रिटनने 1970 पासून नव्या ट्रॅक्टरांवर सुरक्षित केबिन सक्तीची केली आणि नोकरांनी चालवावयाच्या सर्व ट्रॅक्टरांना 1977 ची मुदत दिली. पण त्या पहिल्या केबिनांमध्ये इंजिनाचा आवाज इतका घुमू लागला की, चिरडण्यापासून वाचलेल्या चालकाचे कान जाऊ नयेत यासाठी 1976 पासून आवाजालाही मर्यादा घालावी लागली. अमेरिकेत जॉन डिअर कंपनीने 1966 साली आपली चौकट बाजारात आणली आणि तिची रचना इतर कारखानदारांनाही वापरू दिली. 1976 साली तेथे नोकरांच्या ट्रॅक्टरांसाठी नियम झाला खरा; परंतु लहान शेतांवर त्याची अंमलबजावणी होईना, आणि बहुतेक नव्या ट्रॅक्टरांवर चौकट दिसू लागली ती 1985 नंतर, कारखानदारांनी स्वखुशीने ती स्वीकारल्यावर.

येथे या इतिहासातील सर्वांत मोठी उणीव दृष्टीस पडते. अनेक देशांनी प्रथम मजुराचे रक्षण केले, आणि ते न्याय्यही होते. पण स्वतःच्या शेतात स्वतःचा जुना ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी, त्याचा म्हातारा बाप आणि त्याचा अजाण मुलगा यांना कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. ट्रॅक्टर तीस-चाळीस वर्षे सहज चालतो. त्यामुळे नव्या यंत्रांपुरता केलेला नियम शेवटच्या बांधापर्यंत पोहोचण्यास एक अख्खी पिढी जावी लागते. हे ओळखून न्यूयॉर्क राज्याने 2006 पासून जुन्या ट्रॅक्टरांवर चौकट बसविण्याच्या खर्चाचा सत्तर टक्के भार उचलण्याची तजवीज केली, तेव्हा तेथे हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावयाचा नव्हे, ही जाणीव व्यवहारात उतरली.

दुसरी मर्यादा पोलादाचीच आहे. चौकट जागा राखते, माणूस राखीत नाही. कमरेला पट्टा नसेल तर चालक त्या राखलेल्या जागेबाहेर फेकला जातो आणि कित्येकदा त्याच चौकटीखाली सापडतो. झाडांच्या फांद्या किंवा गोठ्याचे छप्पर लागते म्हणून खाली पाडलेली चौकट उभी करण्याचे राहून गेले, तर ती नसल्यासारखीच. एकदा वाकलेली चौकट वेल्डिंग करून सरळ केली, किंवा तिला भोके पाडून दिवे टांगले, तर कसोटीत उतरलेले तिचे बळ उरले आहे असा भरवसा देता येत नाही. मडगार्डावर बसलेल्या दुसऱ्या माणसासाठी तर तिच्यात जागाच आखलेली नाही.

स्वीडनचा कायदा अमलात आला त्याच 1959 साली फरिदाबादेत आयशर कंपनीचा पहिला भारतीय बनावटीचा ट्रॅक्टर तयार झाला. आज जगात सर्वाधिक ट्रॅक्टर आपल्या देशात विकले जातात; तरीही आपल्या शिवारांत त्यांतील बहुसंख्य ट्रॅक्टर चौकटीविना किंवा नुसत्या उन्हाच्या छतानिशी फिरतात, आणि ते छत पाहून मनाला वाटणारा धीर निराधार असतो. एप्रिल 2025 मध्ये नांदेड जिल्ह्यातील आळेगाव शिवारात मजूर घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळून सात शेतमजूर स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. आसनावरच्या कोणत्याही चौकटीने त्या वाचल्या नसत्या. त्यांच्यासाठी विहिरीला कठडा हवा होता आणि माणसे नेण्यासाठी माणसांचे वाहन हवे होते.

म्हणून या सात दशकांच्या अनुभवातून निघणारा बोध दुहेरी आहे. नव्या-जुन्या प्रत्येक ट्रॅक्टरावर कसोटीस उतरलेली चौकट आणि पट्टा असावा, त्यात मालक व मजूर असा भेद नसावा, आणि ज्याला खर्च झेपत नाही त्याला सरकारने हात द्यावा, ही पहिली मागणी. आणि चौकट बसली म्हणून आपले कर्तव्य संपले असे न मानता, उतार, बांध, विहीर आणि ट्रॉलीत बसलेली माणसे या सर्वांचा विचार सुरक्षिततेत धरावा, ही दुसरी. पहिलीचे फळ स्वीडनने आकड्यांनी दाखवून दिले आहे. दुसरी पुरी करण्यासाठी मात्र प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या शिवारातील धोक्याच्या जागा स्वतः पायाखाली घातल्या पाहिजेत; ते काम कोणत्याही कारखान्यात होण्यासारखे नाही.