महानुभावांची सकळ लिपि

धुळें येथें १९२६ सालच्या अखेरच्या दिवशीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे निवर्तले, व पुढील वर्षीं तेथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ स्थापन झालें. राजवाडे म्हटलें कीं मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें आठवतात. परंतु महानुभावांच्या सांकेतिक लिपीचा उलगडा करणाऱ्यांत ते अग्रेसर होते, हेंहि खानदेशानें विसरूं नये.

गूढलेखनाची मूळ युक्ति सोपी आहे. एका अक्षराऐवजीं ठराविक दुसरें अक्षर लिहावयाचें, व त्याची किल्ली जाणत्यांपाशींच ठेवावयाची. रोमचा सीझर प्रत्येक अक्षर तीन घरें पुढें सरकवी. आपल्याकडे कामसूत्रानें चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ या नांवानें ही विद्या गणली आहे. महानुभावांनीं चौदाव्या शतकांत आपले ग्रंथ अशाच रीतीनें सकळ लिपींत उतरविले. सुंदरी, अंक, वज्र इत्यादि लिपीहि पंथांत प्रचलित होत्या.

या युक्तींत एक उणीव आहे. अक्षराचा वेष पालटला तरी त्याची चाल पालटत नाहीं. भाषेंत जें अक्षर वारंवार येतें, तें वेषांतरानंतरहि वारंवारच येतें. बगदादच्या अल्-किंदीनें नवव्या शतकांतच हें ओळखून अक्षरांची मोजदाद करण्याची रीत घालून दिली. लीळाचरित्रांत तर ‘सर्वज्ञें म्हणीतलें’ हे शब्द पदोपदीं येतात. तोच अक्षरसमूह पानोपानीं दिसूं लागला, कीं त्यांतून आठदहा व्यंजनें हातीं लागतात. तीं इतरत्र बसवून पाहिलीं म्हणजे बाकीचीं क्रमाक्रमानें उमगतात.

मग इतकें कच्चें कुलूप पांच शतकांहून अधिक काळ टिकलें कसें? आमच्या मतें, तें लिपीच्या बळावर नव्हे. उलगडा करणाऱ्यास भरपूर मजकूर लागतो, आणि तोच मठांबाहेर जात नसे. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृति संशोधकांच्या हातीं पोथ्या आल्या, तेव्हां हें दार उघडलें.

गुप्ततेनें ग्रंथ जपले गेले हें खरें. पण तिची किंमतहि जबर पडली. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मराठी वाचकांस शतकानुशतकें अपरिचित राहिला, ह. ना. नेने यांनीं तो १९३६ पासून भागाभागांनीं छापला. शिवाय जें वाचतां येत नाहीं त्याविषयीं लोक वाटेल तें बोलतात, या न्यायानें पंथावर नाना किटाळें आलीं. त्यांस उत्तर देणारे ग्रंथ पंथापाशीं होते, पण ते कुलुपांत होते!

म्हणून लिपि उलगडल्यानें पंथाचें कांहीं गेलें असें आम्ही मानीत नाहीं. त्याची बाजू त्याच्याच शब्दांत ऐकण्याची सोय महाराष्ट्रास झाली. खानदेशांत या पंथाचे अनुयायी आजहि पुष्कळ आहेत. त्यांच्या संमतीनें जुन्या पोथ्या वाचणारे कांहीं तरुण जळगांव-धुळ्याच्या महाविद्यालयांतून निघाले, तर राजवाड्यांचें ऋण थोडेंबहुत फिटेल.